काकूंचा सेट

सुदामशेट भोईरांबरोबर एकदा गोल्फ खेळलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा खेळत नसे. माणसं वाईट नव्हती. दिसली की हसून नमस्कार करायची, "काका, तब्येत काय म्हणते?" असं विचारायची, आणि मग मोबाइलमध्ये वेळ बघून म्हणायची, "आज जरा घाई आहे, आम्ही पुढे निघतो." सुदामशेट म्हणायचे, "निघा, निघा." मग ते आपली जड बॅग ओढत एकटेच निघायचे आणि पुढच्यांच्या हसण्याबोलण्याचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मुद्दाम हळू चालायचे.

गोल्फ एकट्याने खेळता येतो, असं जाणकार सांगतात. येतो ना. जेवणसुद्धा एकट्याने जेवता येतं. पण सुदामशेट त्या मैदानावर गोल्फसाठी जातच नव्हते. सकाळभर चौघांनी बरोबर चालायचं, एकमेकांचा हरवलेला चेंडू शोधायचा, चांगला फटका बसला की "वा!" म्हणायचं आणि शेवटी एका टेबलाशी बसून चहा प्यायचा, असा खेळ जगात दुसरा कुठला आहे? त्या चौघांत आपला नंबर लागावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तेवढंच होत नव्हतं.

मैदान बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या रस्त्याला. तिथे मोठी टाउनशिप झाली, तिच्या मधोमध हे नऊ होलचं हिरवंगार मैदान. जमिनी घेताना बिल्डरने जमीनवाल्यांना पैशांबरोबर क्लबचं कायमचं सभासदत्वही देऊन टाकलं होतं. उभा जन्म भाताच्या खाचरात काढलेल्या माणसाला गोल्फचं कार्ड देणं म्हणजे टकल्याला कंगवा देणं. बाकीच्यांनी ती कार्डं कुठे टाकली ते त्यांनाच ठाऊक. जमीन गेल्याचं दुःख वगैरे सुदामशेटना नव्हतं, ते उगाच त्यांच्या गळ्यात कुणी घालू नये. त्यांनी हसत हसत सही केली होती. तीन मजली बंगला बांधला, फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले, पोराच्या हळदीला अख्खा गाव नाचवला. दुःख होतं ते वेगळं. त्या तीन मजल्यांत आता ते एकटेच राहत होते.

त्यांची बायको शालन, तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी भांडी पुसता पुसता "डोकं लय ठणकतंय" म्हणून आडवी झाली ती झालीच. कल्याणच्या हॉस्पिटलातून तिला घरी आणलं ते अंगणात ठेवायला. मुलगा प्रीतम दिवसकार्य होईपर्यंत राहिला, मग पोरांच्या शाळेचं कारण निघालं आणि बायकोमुलांसह कल्याणला फ्लॅटमध्ये गेला. लेक पनवेलला दिलेली. दोघंही नेमाने फोन करत. "बाबा, जेवलात?" "जेवलो." की संपला फोन. देवळाच्या ओट्यावर जाऊन बसावं तर जेवणवेळेला एकेकाच्या घरून हाक यायची आणि ओटा रिकामा व्हायचा. सुदामशेट सगळ्यांत शेवटी उठायचे, कारण त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. अशातच एक दिवस कपाट उपसताना ते कार्ड हाती लागलं.

खेळाचं सामान घ्यायला ते उल्हासनगरला गेले. कॅम्प नंबर दोनमध्ये सुंदरभाई म्हणून एका सिंधी व्यापाऱ्याचं दुकान होतं. परदेशातून जुन्या खेळसामानाचे लॉट यायचे, ते हा धुऊनपुसून विकायचा. व्यायामाच्या सायकली, टेनिसच्या रॅकेटी, एक पाय हरवलेली कॅरमची घडवंची आणि एका भिंतीला गोल्फच्या स्टिकांचे सेट. मागच्या गोडाउनमध्ये त्याने जाळी टांगली होती, गिऱ्हाइकाने तिथे चेंडू मारून बघायचा.

"शेठ, पहली बार?" सुंदरभाईने विचारलं.

"हो."

"तो ये लो. नवीन माणसाला हाच बरा. याचं डोकं बघा केवढं आहे. बॉल कुठेपण लागू द्या, उडणार म्हणजे उडणार."

सुदामशेटनी त्या सेटकडे पाहिलं. 'नवीन माणसाला' हे शब्द त्यांना झोंबले. भावकीत आजवर त्यांनी हलकी वस्तू घेतल्याचं कुणी दाखवावं. शर्यतीचा बैल घेतला तो जिंकून आलेला, गावच्या क्रिकेट टीमला बॅटी दिल्या त्या सगळ्यांत भारी. त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे काळ्या मखमलीत एक सेट चकाकत होता.

"त्यो कोनाचा?"

"वो तो प्रो लोगों का है. सगळं लोखंड. पातं एकदम पातळ, मधे एवढीशी जागा. तिथे लागला तर जातो बॉल, नाहीतर हाताला झिणझिण्या. आप मत लो, शेठ."

'आप मत लो' म्हटल्यावर तर विषयच संपला. "त्योच बांधा," सुदामशेट म्हणाले.

हसायचं तर खुशाल हसा. पण हत्यार आपल्या वकुबाचं घ्यावं की आपल्या इभ्रतीचं, याचं उत्तर या भागात कधीच ठरून गेलं आहे. पाय जमिनीला टेकत नसताना बुलेट घेणारे गावात काय कमी आहेत? सुदामशेट त्यांच्यापेक्षा वेगळे नव्हते, एवढंच.

ते अंगाने बुटके आणि आडवे. उजवा खांदा मागे एकदा मोटारसायकलवरून पडल्यापासून आखडलेला. त्या ताठ लोखंडी दांडीला जोर हवा तो जवान खेळाडूचा. यांचा हात सावकाश फिरायचा आणि चेंडू आळसावल्यासारखा गवतावरून सरपटत जायचा. कधी चेंडू जागेवरच राहायचा आणि मातीचं ढेकूळ उडायचं. मागून येणारे लोक कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. बरोबरची माणसं आकाशाकडे बघायची. एका निवृत्त गृहस्थांनी शेवटी तोंड उघडलं. म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हात संथ आहे, त्याला ही दांडी जरासुद्धा लवत नाही. मग चेंडूला जोर कुठून मिळणार? आपापल्या लेव्हलचा सेट असतो हो. तुमच्या लेव्हलचा घ्या." एवढं मोलाचं सांगून पुढच्या खेपेपासून त्या गृहस्थांनाही घाई असायला लागली.

सुदामशेट तणतणत पुन्हा उल्हासनगरला गेले. तो मोठ्या डोक्याचा सेट केव्हाच खपला होता. सुंदरभाईने डोकं खाजवलं आणि कोपऱ्यातून एक बॅग ओढून काढली. फिकट जांभळी, तिच्यावर पांढरी फुलं. आतल्या प्रत्येक स्टिकची मूठही जांभळी.

"हा तर बायकांचा हाय," सुदामशेट म्हणाले.

"मारके तो देखो."

दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून सुदामशेट जाळीपुढे उभे राहिले. स्टिक हातात आली तीच मुळी हलकी. लांबीला आखूड, त्यांच्या उंचीला बरोबर बसणारी. हात नेहमीसारखाच सावकाश फिरला, दांडी थोडीशी लवली आणि चेंडू धप्पकन जाळीत वर जाऊन बसला. खांद्याला काही कळलंसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा तेच. मग मारतच राहिले.

"बघा, तुमच्याच मापाचा आहे," सुंदरभाई म्हणाला. खरं तर तो सेट इतकी वर्षं धूळ खात पडला होता की एखाद्या पैलवानालाही त्याने हेच सांगितलं असतं. पण या वेळी बोलला ते अगदी खरं होतं.

घरी आणला खरा, पण तो घेऊन चारचौघांत जायचं कसं? सुदामशेटनी तोडगा काढला. चाकांच्या गाडीवर दोन्ही बॅगा ठेवायच्या. पुढे मखमलीवाली, मागे फुलांवाली. लोक बघत असले की चकाकती स्टिक हातात धरून नुसतं उभं राहायचं आणि आडबाजूला गेलं की जांभळी काढायची. पहिल्याच सकाळी ते तसे झाडीआड गेले, जांभळी स्टिक काढली आणि असा सुरेख चेंडू मारला की मागून टाळ्या आल्या.

वळून बघतात तर एक जोडपं. नवरा उंच, चष्मेवाला. बायको चाळिशीची, टोपी घातलेली. ही दोघं महेश आणि इरा. टाउनशिपमध्ये नुकतीच राहायला आलेली, दोघांचंही काम घरूनच लॅपटॉपवर.

"किती छान मारलात!" इरा म्हणाली. तिची नजर फुलांच्या बॅगेवर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "अय्या, काकूपण खेळतात?"

आता इथे 'नाही' म्हणायला काय हरकत होती? पण नाही म्हणावं तर मग हा सेट कुणाचा, हा प्रश्न उरतो. आणि त्या एका क्षणाला सुदामशेटना आपल्या मिशीची फार काळजी वाटली.

"खेळते ना," ते म्हणाले. "आज गुडघा धरलाय तिचा. मी आपला तिचा सेट जरा चालवून बघतोय."

थाप मारून झाली. ती अंगाशी येईल असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट इरा म्हणाली, "मग आमच्याबरोबर या ना. या सगळ्या मैदानावर मी एकटी बाई आहे हो. काकू येईपर्यंत आपण तिघं आणि त्या आल्या की चौघं." सुदामशेटना एवढंच ऐकू आलं की कुणीतरी 'आपण' म्हटलं.

त्या दिवसापासून दर रविवारी तिघं बरोबर खेळायला लागली. सुदामशेट आता बिनदिक्कत जांभळ्या स्टिकने खेळायचे, निमित्त होतंच. चेंडू फार लांब जायचा नाही, पण सरळ जायचा. महेश "वा काका!" म्हणायचा. शेवटी कँटीनच्या टेबलाशी चहा व्हायचा आणि चहाबरोबर गप्पा. इराच्या गप्पांत एकच विषय, काकू. तिची आई राहिली सांगलीला, टाउनशिपमधल्या बायका लिफ्टमध्ये हसण्यापुरत्या ओळखीच्या. दिवसभर पडद्याकडे बघून काम करायचं आणि पडदा मिटला की बोलायला महेश. त्याचंही बोलणं दिवसभरात बोलून संपलेलं असायचं.

"काकूंचं नाव काय हो?" तिने एकदा विचारलं.

सुदामशेट घुटमळले. उभ्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. 'अगं', नाहीतर 'प्रीतमची आय'. "शालन," ते म्हणाले आणि त्यांचे कान तापले.

"त्यांना विचाराल का, माझी तांदळाची भाकरी तव्यावर टाकताना दर वेळी तुटते. काय चुकत असेल?"

पुढच्या रविवारी सुदामशेट उत्तर घेऊन आले. "ती बोलते, पानी उकळलं का मगच पीठ टाक. आन हात भाजला तरी चालेल, पन गरम गरमच मळ." हे ते मनचं सांगत नव्हते. शालन सुनेला हेच सांगायची, ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता ऐकायचे. तेव्हा कानावर पडलेलं आता कामाला आलं.

मग ते चालूच झालं. इराचे प्रश्न जायचे, शालनची उत्तरं यायची. केस गळतात, काकू काय करतात? सुकटीला वास येऊ नये म्हणून काय घालू? नवरा ऐकत नसला तर काय करायचं? या शेवटच्या प्रश्नावर सुदामशेटनी आठवडाभर विचार केला आणि सांगितलं, "ती बोलते, काय नाय करायचं. जेवन वाढायचं आन उठून जायचं. त्याचं त्याला कळतं." इरा पोट धरून हसली. एकदा डब्यातून भाकरी आणि सुकटीची चटणी आली. "काकूंनी दिली?" "हो." ती त्यांनी स्वतः पहाटे उठून केली होती, आणि चांगली उतरेपर्यंत कितीतरी भाकऱ्या शेजारच्या म्हशीच्या तोंडी गेल्या होत्या.

खोटं बोलणं वाईट हे सुदामशेटना कुणी शिकवायला नको होतं. पण शालनबद्दल 'होती' म्हणायचं सोडून 'आहे' म्हणायला मिळत होतं आणि त्याची त्यांना चटक लागली. भावकीत तिचं नाव निघालं की माणसं लगेच आवाज खाली आणायची, 'सावरा आता' म्हणायची. इथे तिच्यावर हसता येत होतं, तिची तक्रार करता येत होती. पण त्याचीही एक दुसरी बाजू होती. मैदानावरून घरी आलं, फाटक उघडलं, की जी बाई आत्ता कँटीनच्या टेबलावर इतकी बोलत होती ती घरात कुठेच नसायची. आधीचं एकटेपण त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. हे नवीन होतं आणि ते दर रविवारी दुपारी नव्याने सोसावं लागत होतं. दोन घास खाऊन ते दिवाणावर पडून राहायचे, आणि पुढच्या रविवारची वाट बघायला लागायचे.

"काकूंचा गुडघा कधी बरा होणार?" इरा विचारायची. गुडघ्यानंतर कंबर झाली, कंबरेनंतर लेकीचं बाळंतपण झालं. महेश कधीकधी चष्मा पुसत त्यांच्याकडे बघायचा.

संक्रांत आली. त्या रविवारी इराने जाहीर केलं, "हळदीकुंकवाला मी काकूंनाच बोलावणार होते. त्या काही येत नाहीत. मग मीच येते वाण घेऊन. परवा संध्याकाळी. नाही म्हणायचं नाही काका, सणाला नाही म्हणत नाहीत."

सांगून टाकावं असं सुदामशेटच्या जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की रविवार संपला, हे त्यांना समोर दिसत होतं. ही पोरगी काकूंसाठी आपल्याबरोबर चालते. काकू नाहीत म्हटल्यावर खोटारड्या म्हाताऱ्याबरोबर कोण चालेल? पुन्हा ती जड बॅग, पुन्हा "आम्ही पुढे निघतो". ते म्हणाले, "या ना, या."

ठरलेल्या दिवशी सकाळी ते दिवाणखान्यातल्या फोटोसमोर उभे राहिले. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिथेच जायची. हिरव्या साडीतली शालन, लेकीच्या लग्नात काढलेली, आणि फोटोला चंदनाचा हार. फोटो काढून ठेवायला हात धजेना. बायकोला माळ्यावर टाकायचं? मग त्यांनी स्टूल घेतलं, खांदा दुखेपर्यंत हात वर केला आणि फक्त हार काढला. हार निघाल्यावर तो फोटो कुठल्याही घरातल्या फोटोसारखा दिसायला लागला. बाई आत स्वयंपाकघरात आहे आणि हाक मारली तर येईल, असा. सुदामशेट स्टुलावर उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हुंदका आला आणि त्यांनी तो येऊ दिला. शरम वाटली, आणि बरंही वाटलं. हार त्यांनी कपाटात तिच्या साड्यांमध्ये ठेवला.

नंतर आंघोळ झाली, देवपूजा झाली. दिवसभर त्यांनी घर आवरलं, बायकांच्या चपलेचा एक जुना जोडसुद्धा दाराशी मांडला.

संध्याकाळी दोघं आली. इराने काळी साडी नेसली होती, हातात वाणाचा स्टीलचा डबा, तिळगूळ, कुंकवाची कोयरी. "काकू कुठायत?" तिने आत डोकावत विचारलं.

"काय सांगू," सुदामशेट म्हणाले, "पनवेलवरून फोन आला. नातवाला ताप. दुपारीच गेली."

इराचा चेहरा पडला. ती सोफ्यावर टेकली, इकडेतिकडे बघितलं आणि तिला फोटो दिसला. "याच ना काकू?" ती उठून जवळ गेली. आणि तिथेच थबकली.

फोटोच्या काचेवर, शालनच्या कपाळाच्या जागी, ताजं हळदीकुंकू होतं. देवपूजा झाली की फोटोला हळदीकुंकू लावायचं, हे सुदामशेट दोन वर्षं रोज करत आले होते. सवाष्ण गेलेली बाई, तिचं कपाळ मोकळं ठेवायचं नाही. त्या सकाळीही हार लपवून, आंघोळ करून, त्यांच्या बोटांनी न विचारता आपलं काम करून टाकलं होतं. थोडं कुंकू चौकटीवर सांडलेलंही होतं. कुठल्या फोटोला कुंकू लावतात हे मराठी घरातल्या बाईला सांगावं लागत नाही.

महेशने चष्मा काढला.

"काका," इरा वळून न बघता म्हणाली, "हार कुठे ठेवलात?"

सुदामशेट खुर्चीत बसले. "कपाटात," म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपार, भांडी, डोकं, कल्याणचं हॉस्पिटल. सांगून झाल्यावर इराने विचारलं, "मग भाकरीचं? केसांचं? ते कोण सांगत होतं?"

"तीच," सुदामशेट म्हणाले. "म्हंजे ती असती तर असाच बोलली असती. एक शबूद माजा नाय त्यात. नवऱ्याला जेवन वाढून उठून जायचं, त्यो पन नाय."

इरा खाली बसली आणि रडायला लागली. डोळे टिपण्यापुरतं नाही, घरातलं माणूस गेल्यासारखं. शालनसाठी रडणारे दोन वर्षांपूर्वीच रडून आपापल्या घरी गेले होते. त्यानंतर आज पहिल्यांदा तिच्यासाठी दुसरं कुणी रडत होतं. "मला त्यांना भेटायचं होतं हो," ती म्हणत होती. "मी त्यांच्याशी मनात किती बोलायचे." सुदामशेटना कळेना काय करावं. इतके दिवस लोक त्यांना जे सांगत आले तेच त्यांच्या तोंडून निघालं, "सावर पोरी, सावर." आणि ते शब्द किती पोकळ आहेत हे त्यांना सांगतानाही समजलं.

काहीतरी बोलायचं म्हणून ते महेशकडे वळले. "त्यो सेट बी माजाच हाय. तिचा न्हवता. तिने कधी मैदान बघितलंसुद्धा नाय. मना लाज वाटली म्हनून बोललो."

महेश खाली बघत म्हणाला, "सेटचं आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, काका. दुसऱ्याच्या सेटने इतकं सरळ मारता येत नाही. तो तुमच्या मापाचा आहे हे आंधळ्यालाही दिसेल. आम्हाला वाटलं, काकू खेळत नसतील, तुम्ही त्यांचं नाव पुढे करताय. त्यात लाजायचं काय होतं?" त्याने चष्मा पुन्हा चढवला. "पण काकू घरी आहेत, हे आम्ही धरून चाललो होतो."

म्हणजे ज्या फुलांच्या बॅगेपायी सुदामशेटनी गेलेली बायको उठवून उभी केली होती, त्या बॅगेने कुणीच फसलं नव्हतं.

इराने डोळे पुसले, वाणाचा डबा फोटोखालच्या कपाटावर ठेवला, त्यावर तिळगूळ ठेवला. सकाळच्या कुंकवावर तिने आपल्या कोयरीतलं कुंकू लावलं आणि काचेला हात जोडले. हार महेशने चढवला. चहा कुणालाच नको होता. ती दोघं गेली, फाटकापर्यंत सुदामशेट गेले, आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

रविवारी जावं की नाही याचा विचार त्यांनी आठवडाभर केला. शेवटी गेले. मखमलीवाली बॅग घरी ठेवली आणि फुलांची तेवढी घेतली. काउंटरवरचे दोघेजण बॅगेकडे बघून एकमेकांकडे बघून हसले. हसू देत म्हणून ते पुढे झाले.

पहिल्या होलपाशी महेश उभा होता. एकटाच.

"इरा?" सुदामशेटनी विचारलं.

"नाही आली."

"रागावली."

"नाही हो," महेश म्हणाला. मग कसं सांगावं असं त्याला झालं. "थोडे दिवस नको म्हणाली. तुम्हाला बघितलं की तिला काकूंची आठवण येते."

जिला इराने कधी पाहिलं नाही, जिचा आवाजसुद्धा ऐकला नाही, तिची तिला आठवण येत होती. प्रीतमचा फोन रोज येत होता, लेकीचा येत होता, भावकी ओट्यावर भेटत होती. पण 'आठवण येते' असं दोन वर्षांत सुदामशेटपाशी कुणी म्हटलं नव्हतं, आणि जिने म्हटलं ती आज आली नव्हती. मागून दुसरा गट येऊन थांबला होता. सुदामशेटनी बॅगेतून जांभळ्या मुठीची स्टिक काढली.

"मना पन येते," ते म्हणाले, आणि महेशला आधी मारायला सांगितलं.